लेह-लडाखचे फोटो काढायला निघालात? आधी विरळ हवा समजून घ्या



बोधगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती ही धम्मस्थळे पाहून आलेली आपली मंडळी आता लेह-लडाखच्या सहलीचे बेत आखतात. हेमिस, ठिकसे, अल्ची, लामायुरू इथले जुने बौद्ध विहार पाहावेत, तिथले भिक्खू भेटावेत, ही इच्छा चांगलीच आहे. अशा सहलीबरोबर बहुतेक वेळा वस्तीतलाच एखादा फोटोग्राफर जातो. एरवी चौदा एप्रिलची मिरवणूक, मंगल परिणय, नामकरण, पुण्यानुमोदन यांचे फोटो आणि व्हिडिओ काढणारा हा तरुण असतो. त्याला वाटते, काम तेच आहे, फक्त जागा वेगळी.

जागा वेगळी आहे आणि तिथली हवाही वेगळी आहे. बोधगया आणि सारनाथ सपाटीवर आहेत. लेह तसे नाही. आपले धर्माबाद समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे मीटर उंचीवर आहे, तर लेह साधारण ३,५०० मीटरवर, म्हणजे दहापट उंच. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. लेहचा बाजारसुद्धा त्याच्या दुपटीपेक्षा उंचावर भरतो. उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. याचा अर्थ असा की महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला हा त्रास घरी कधी अनुभवायला मिळतच नाही. पहिली ओळख थेट लेहला होते, आणि तेव्हा खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग असते.

हवा विरळ होते म्हणजे काय?

धर्माबादच्या मिरची बाजारात पोत्यांची थप्पी लावलेली असते. सगळ्यात खालचे पोते वरच्या वजनाने घट्ट दाबलेले असते, वरचे पोते मोकळे असते. हवेचेही तसेच आहे. आपण हवेच्या थप्पीच्या तळाशी राहतो, म्हणून आपल्याकडची हवा दाट. जसजसे वर जावे तसतसा वरच्या हवेचा भार कमी होतो आणि हवा मोकळी, विरळ होत जाते.

हवेतला ऑक्सिजनचा वाटा सगळीकडे सारखाच असतो, शंभरात सुमारे २१. पण हवाच विरळ असल्याने एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी पडतो. समुद्रसपाटीला जेवढा मिळतो त्याच्या सुमारे दोन तृतीयांश लेहला मिळतो. खारदुंगला खिंडीत (५,३५९ मीटर) तो जवळपास निम्म्यावर येतो.

शरीर यावर उपाय करते. श्वास जोरात चालतो, छाती धडधडते, लघवी जास्त होते. पुढे काही दिवसांत आणि आठवड्यांत रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. या जुळवून घेण्याला वेळ लागतो. तो वेळ दिला नाही की आजार होतो. धम्माने शिकवलेला कार्यकारणभाव इथे चोख लागू पडतो. कारण आहे म्हणून परिणाम आहे. यात देवाचा कोप नाही की कुणाची नजर नाही.

तीन आजार ओळखा

पहिला साधा पर्वतीय आजार. पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत डोके ठणकते. जोडीला मळमळ, जेवण नको वाटणे, भोवळ, थकवा, रात्री झोप न लागणे. झोपेत श्वास मध्येच थांबून पुन्हा जोरात सुरू होतो आणि माणूस दचकून उठतो. पूर्ण विश्रांती घेतली आणि आणखी वर गेले नाही तर बहुतेकांचा हा त्रास एक-दोन दिवसांत उतरतो.

दुसरा फुफ्फुसात पाणी भरण्याचा आजार. हा साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दिसतो. आधी चालताना नेहमीपेक्षा जास्त धाप लागते, मग नुसते बसल्यावरही लागते. कोरडा खोकला येतो, पुढे फेसाळ, गुलाबी कफ पडतो. ओठ आणि नखे निळसर होतात. डोके दुखत नसले तरी हा आजार होऊ शकतो. उंचीच्या आजारांतले सर्वाधिक मृत्यू यानेच होतात.

तिसरा मेंदूला सूज येण्याचा आजार. माणूस झिंगल्यासारखा चालतो, असंबद्ध बोलतो, चिडतो किंवा सुस्त पडतो. संशय आला तर त्याला टाचेला बोटे लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल गेला तर थांबू नका, लगेच खाली उतरवा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आजारात खरा उपाय एकच, खाली उतरणे. सोबत ऑक्सिजन आणि डॉक्टर. लेह शहरात सोनम नोरबू स्मृती रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरांना हे आजार रोजचे आहेत.

तरुण आणि धडधाकट आहे, मला काय होणार?

हा समज सगळ्यात घातक आहे. १९६२ च्या युद्धाच्या काळात आपल्या जवानांना सपाटीवरून एकदम हिमालयात न्यावे लागले. त्या काळात डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११,००० ते १८,००० फुटांवरच्या १,९२५ जवानांचा अभ्यास केला. तो १९६९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात छापून आला आणि आजही जगभर त्याचा दाखला दिला जातो. आजारी पडलेले हे लोक कवायतीने घडलेले सैनिक होते. दंडात ताकद आहे म्हणून विरळ हवा माणसाला सोडत नाही. उलट तगडा तरुण पहिल्याच दिवशी धावपळ करतो आणि आधी पडतो.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. धर्माबादहून बासर ओलांडले की निजामाबाद जिल्हा. त्या जिल्ह्यातल्या पाकाला गावची मालावत पूर्णा ही आदिवासी शेतमजूर कुटुंबातली मुलगी समाजकल्याणच्या निवासी शाळेत शिकत होती. २५ मे २०१४ रोजी, वयाची चौदा वर्षेही पूर्ण झाली नसताना, ती एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली. तिच्याबरोबर खम्मम जिल्ह्यातला साधनापल्ली आनंदकुमार हा तशाच शाळेतला विद्यार्थी होता. या मुलांना आधी दार्जिलिंग आणि लडाखमध्ये प्रशिक्षण दिले गेले. मग आठवड्यांमागून आठवडे घालवत, शरीराला सवय लावत ती वर गेली. गरिबाचे मूल जगाच्या माथ्यावर जाऊ शकते. पण तेही टप्प्याटप्प्याने गेले म्हणूनच जाऊ शकले.

फोटोग्राफरला धोका जास्त का?

सहलीतला माणूस दमला की बसतो. फोटोग्राफर बसत नाही. सगळे विहाराच्या पायऱ्या चढत असतात तेव्हा तो त्यांच्या पुढे धावत वर जातो, कारण त्याला समोरून फोटो हवा असतो. मग पुन्हा खाली येतो, मागे राहिलेल्या आजीचा फोटो काढतो, पुन्हा वर. इतरांनी एकदा चढलेली वाट तो दोन-तीनदा चढतो आणि तीही आठ-दहा किलोची बॅग, ट्रायपॉड घेऊन.

शटर दाबताना हात हलू नये म्हणून श्वास रोखायची त्याला सवय असते. धर्माबादेत ते चालते. साडेतीन हजार मीटरवर रक्तात आधीच ऑक्सिजन कमी, त्यात श्वास रोखला की डोळ्यांपुढे अंधारी येते. उकिडवे बसून फोटो काढायचा आणि झटकन उठायचे, यानेही भोवळ येते. कड्याच्या काठावर ‘अजून थोडे मागे’ सरकणाऱ्या माणसाला भोवळ परवडत नाही.

चांगला प्रकाश पहाटे आणि सांजेला असतो, आणि कडाक्याची थंडीही त्याच वेळी. हानले हे ठिकाण २०२२ पासून रात्रीच्या आकाशासाठी राखीव क्षेत्र आहे. तिथली वेधशाळा ४,५०० मीटरवर आहे. आकाशगंगेचे फोटो काढायला तरुण तिथे रात्र-रात्र जागतात. पण उंचावर ऑक्सिजन कमी पडला की अंधारात दिसण्याची डोळ्याची शक्ती आधी मंदावते. खड्डा दिसत नाही, दगड दिसत नाही. दिवसभराच्या दगदगीनंतर रात्रीची झोपही गेली की दुसऱ्या दिवशी त्रास दुणावतो.

मेंदूलाही ऑक्सिजन कमी मिळतो. साध्या चुका होतात. मेमरी कार्ड चुकून कोरे होते, लेन्स हातातून निसटते, आपण कुठे उभे आहोत याचे भान राहत नाही. ‘आज डोकंच चालत नाही’ असे वाटले तर ते गमतीने घेऊ नका. ती आजाराची खूण असू शकते.

शिवाय पोटाचा प्रश्न असतोच. पैसे आगाऊ घेतलेले असतात, बदली माणूस नसतो. डोके फुटायला आले तरी तो सांगत नाही, कारण काम गेले तर पुढच्या सहलीला दुसऱ्याला नेतील ही भीती. लपवलेला हा त्रासच जीवावर बेततो.

डोळे आणि बोटे

उंचावर सूर्याची अतिनील किरणे तीव्र होतात. दर हजार मीटरला ती साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजे बर्फ त्यांतली बहुतेक परत फेकते. गॉगल न घालता दिवसभर बर्फाचे फोटो काढले तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी, पाणी, लाली येते आणि उजेड सहन होत नाही. याला हिमांधत्व म्हणतात. डोळे चोळू नका, अंधाऱ्या खोलीत विश्रांती घ्या, डॉक्टरांना दाखवा. बाजूनेही झाकणारा, अतिनील किरणे अडवणारा गॉगल घ्या. कॅमेऱ्याच्या काचेतून सूर्याकडे कधीही पाहू नका.

बटणे दाबायला सोपे जावे म्हणून फोटोग्राफर हातमोजे काढतो. गोठवणाऱ्या थंडीत धातूचा ट्रायपॉड उघड्या हाताने धरू नका. आत पातळ, वर जाड असे दोन हातमोजे वापरा. बोटाचे टोक पांढरे पडून बधिर झाले तर ते काखेत धरून गरम करा. चोळू नका, शेगडीवर धरू नका. बधिर बोटाला भाजलेले कळत नाही.

सिकलसेल: आपल्या घरांनी हे नक्की वाचावे

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक दोष विदर्भात आणि लगतच्या भागात आपल्या समाजात, तसेच आदिवासी आणि इतरही अनेक समाजांत आढळतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पूर्वी ज्या भागांत मलेरियाचा कहर होता तिथे सिकलसेलच्या वाहकांना मलेरियापासून थोडे संरक्षण मिळे, म्हणून हा गुण पिढ्यान् पिढ्या टिकला. त्याचा उच्च-नीचतेशी संबंध नाही.

आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा गुण आला तर माणूस वाहक असतो. वाहक एरवी ठणठणीत असतो. त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. पण विरळ हवा, पाण्याची कमतरता आणि जड मेहनत एकत्र आली की त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून प्लीहेच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवू शकतात. मग डाव्या बरगडीखाली एकाएकी जोरात दुखते, कधी डाव्या खांद्यापर्यंत कळ जाते, उलट्या होतात, ताप येतो. गॅस झाला असेल म्हणून लोक सोडा पितात आणि वेळ घालवतात. अशा वेळी डॉक्टरांना आधी हे सांगा की ‘मी सिकलसेलचा वाहक आहे.’ माहीत नसेल तर ‘आमच्या भागात सिकलसेल आहे, ती तपासणीही करा’ असे सांगा.

दोन्ही बाजूंनी गुण आलेल्या, म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेलच्या रुग्णाने अशा उंचीवर जाऊच नये. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. तपासणीसाठी जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. ही तपासणी सहलीपुरती नाही, लग्न ठरवतानाही उपयोगी पडते.

सोबत हिमोग्लोबिनही पाहा. ऑक्सिजन वाहून नेणारी गाडी तीच. आपल्या अनेक ताई-मावश्यांचे हिमोग्लोबिन घरीच कमी असते. पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ च्या खाली असेल तर आधी त्यावर उपचार घ्या. हृदयविकार, टीबीने खराब झालेली फुफ्फुसे, जुना दमा, आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गर्भवती भगिनींनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जाऊ नये.

कसे जावे, कसे राहावे

महापंडित राहुल सांकृत्यायन १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटात गेले. भारतातून नाहीसे झालेले बौद्ध ग्रंथ त्यांनी तिथल्या मठांत शोधले. धर्मकीर्तीचा ‘प्रमाणवार्त्तिक’ त्यांतलाच. उचलून आणता न आलेल्या ताडपत्रांचे त्यांनी फोटो काढले. १९३८ च्या प्रवासात फणी मुखर्जी हे छायाचित्रकार त्यांच्याबरोबर होते. ते मठ चार हजार मीटरच्या आसपास. पण तिथवरचा प्रवास पायी आणि घोड्या-खेचरांवरून, अनेक दिवसांचा असे. शरीराला वाटेतच सवय होई. आज दिल्लीहून विमान दीड तासात लेहला उतरवते. विमान थांबत नाही, म्हणून उतरल्यावर आपण थांबायचे.

विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस लेहमध्ये पूर्ण आराम करा. फोटोसुद्धा खिडकीतून आणि अंगणातून. रस्त्याने जाणार असाल तर नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसने अमृतसर, पुढे जम्मू, श्रीनगर (सुमारे १,६०० मीटर) आणि कारगिल (सुमारे २,७०० मीटर) असे मुक्काम करत जाणे शरीराला सोयीचे. मनालीकडून वाटेत सरचूला सुमारे ४,३०० मीटरवर मुक्काम पडतो. तिथे पहिल्यांदा जाणाऱ्यांना फार त्रास होतो.

तीन हजार मीटरच्या वर रोजच्या झोपण्याची जागा ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती ठेवा. दिवसा उंच खिंड पाहून रात्री खाली येऊन झोपणे चांगले. पँगाँगला, सुमारे १४,००० फुटांवर, मुक्काम करायचा तर आधी लेहमध्ये पुरेसे दिवस काढा. डोके दुखत असताना आणखी वर जायचे नाही, हा नियम कुणासाठीही मोडू नका.

पाणी थोडे-थोडे पीत राहा. लघवी फिकट दिसली की पुरे. खिचडी, वरण-भात, थुक्पा असे हलके खा. दारू, सिगारेट आणि झोपेच्या गोळ्या टाळा. पंचशील पाळणाऱ्याला पहिले सांगायला नकोच. ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी शरीराला लवकर जुळवून घ्यायला मदत करते. पण ती निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फा औषधाची ॲलर्जी किंवा किडनीचा आजार असेल तर त्यांना तसे सांगा.

कापूर हुंगल्याने ऑक्सिजन वाढत नाही. नाकाला गार वाटते, एवढेच. बाजारातला ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो. तो खाली उतरण्याला पर्याय नाही. कोरोनाकाळात घेतलेला ऑक्सिमीटर मात्र जरूर न्या. लेहला नव्या माणसाचा आकडा ८५ ते ९० दिसला तर घाबरू नका. पण सोबतच्यांपेक्षा आकडा बराच खाली असेल आणि बसल्या जागी धाप लागत असेल, तर दवाखाना गाठा.

फोटोग्राफर बांधवांनी जड लेन्स घरी ठेवावी. श्वास रोखण्याऐवजी श्वास सोडत शटर दाबावे, शटरचा वेग वाढवावा. चढताना बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे. जागा आधी ठरवून एकाच ठिकाणी उभे राहावे, माणसांना आपल्याकडे येऊ द्यावे. सोण भिक्खूला बुद्धांनी वीणेच्या तारांचे उदाहरण दिले होते. तार फार ताणू नये आणि ढिलीही सोडू नये. उंचावर काम करणाऱ्याला याहून चांगला सल्ला नाही.

आयोजकांनो, तुमचीही जबाबदारी

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. कामगाराचे तास, त्याची सुरक्षितता हा त्यांच्यासाठी हक्काचा विषय होता. सहलीचा फोटोग्राफर आणि स्वयंपाकीही कामगारच आहेत. पहिले दोन दिवस त्यांनाही सुट्टी द्या आणि त्या दिवसांची मजुरी कापू नका. सामान उचलायला मदतनीस द्या, विमा उतरवा. रोज सकाळी सगळ्यांना विचारा, रात्री झोप लागली का, डोके दुखते का, धाप लागते का. ‘हो’ म्हणणाऱ्याला हसू नका आणि त्याला एकटे मागे सोडू नका. त्याच्याबरोबर एक माणूस थांबवा किंवा खाली पाठवा.

विहार उद्याही तिथेच असेल आणि फोटो पुन्हा काढता येतील. म्हणून या महिन्यात एवढे करा. लेहला जाणाऱ्या प्रत्येकाचे हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासून घ्या, आणि हे पान वस्तीतल्या कॅमेरावाल्या भावाच्या हातात द्या.

नमो बुद्धाय, जयभीम!